आजोबांची शिसवी खुर्ची विकू की ठेवू? जुन्या वस्तूंबद्दल वाचकांचे प्रश्न

नौपाडा, चरई, पाचपाखाडी, ठाण्यात जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंट. घर रिकामं करायची तारीख जवळ आली की मग घरातल्या मोठ्या वस्तूंकडे लक्ष जातं आणि मग मला पत्रं येतात. या वेळची बरीचशी पत्रं त्यातलीच आहेत. सगळी छापणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): आमचं फर्निचर आजोबांच्या वेळचं, गिरगावातून आणलेलं. लांब हातांची शिसवी आरामखुर्ची, मच्छरदाणीच्या खांबांचा पलंग, आरसा असलेला हॅटस्टँड आणि एक मोठं कपाट. तीन महिन्यांत जागा सोडायची आहे. एक जुना फर्निचरवाला सगळ्याचे मिळून उक्ते बावीस हजार देतो म्हणतो. मुलगा म्हणतो लिलावात देऊ. वहिनी म्हणतात आधी पॉलिश करून घ्या, भाव वाढेल. कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी वहिनींना थांबवा. त्यांचा हेतू चांगला आहे पण याच एका गोष्टीने सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते परत भरून येत नाही. तुमच्या खुर्चीवर जे पॉलिश आहे ते बहुतेक चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवलेलं असणार. इतक्या वर्षांत हात टेकून टेकून खुर्चीच्या हातांवर ते गुळगुळीत फिकट झालं असेल आणि कोपऱ्यात काळसर साचलं असेल, आणि जाणकार माणूस नेमका त्याच रंगाचे पैसे देतो. माझे वडील पॉलिशचं काम करायचे, ते गिऱ्हाइकाला सांगायचे की आधी नुसत्या कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि आठ दिवस बघा, मग ठरवा. आता मशीनने घासून वर पीयू हे प्लास्टिकसारखं नवं पॉलिश मारतात, दोन दिवसांत खुर्ची चकचकीत होते आणि शोरूममधून काल आणल्यासारखी दिसायला लागते, मग ती जुनी आहे हे सिद्ध कसं करणार?

आता त्या बावीस हजारांबद्दल. उक्ता भाव देणारा माणूस चार वस्तू घेत नसतो, त्याची नजर एकाच वस्तूवर असते आणि बाकीच्या तो त्या एकीसाठी उचलतो. माझ्या मावशीच्या चरईतल्या घरी हेच झालं. सगळं सामान उक्त्यात गेलं, दोन कपाटं, टेबल, खुर्च्या, आणि मावशीला वाटलं बरं झालं, एका फेरीत घर मोकळं झालं. पुढे काही महिन्यांनी मी त्याच माणसाच्या गाळ्यात गेले तर कपाटं मागे एकावर एक रचून ठेवलेली आणि समोर भिंतीवर फक्त मावशीचा आरसा, कडेने तासलेल्या जाड काचेचा, आणि त्याची एकट्याची किंमत त्याने सगळ्या सामानाला दिलेल्या पैशांच्या दुप्पट सांगितली. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं, कारण मी तेव्हा ठाण्यातच होते आणि मावशीने विचारलं असतं तर मी धावत गेले असते. म्हणून सांगते, प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा मागा. एकाचा नाही, तिघांचा. ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरचा मोठा बाजार आहे, तिथले लोक फोटो बघून अंदाज सांगतात, भेंडीबाजारच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर पण विचारा, फक्त शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी दुकानं बंद असतात.

भाव विचारायच्या आधी वस्तू स्वतः नीट बघा, उलटी करून बघा. खुर्ची उताणी करा, कपाटाचे खण बाहेर काढा, हॅटस्टँडची पाठ बघा. खणाच्या कोपऱ्यात कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेले दिसतील, ते हाताने कापलेले असतील तर सगळे एकसारखे नसतात, एखादा रुंद एखादा अरुंद, आणि सुताराने आखलेली बारीक रेघ पण कधी कधी शिल्लक असते. मशीनचे असतील तर मोजून मापून सारखे. स्क्रू बघा. वरती फुलीसारखी खाच असलेला फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आला, त्यामुळे तो दिसला तर एकतर वस्तू त्यानंतरची आहे नाहीतर मधे कोणीतरी दुरुस्ती केली आहे. जुन्या स्क्रूची सरळ खाच बरेचदा मधोमध नसते, थोडी बाजूला सरकलेली असते. आणि पाठीमागची फळी! पुढून कितीही सुंदर असली तरी मागे जर प्लायवूड निघालं तर समजायचं की एकतर पाठ बदलली आहे किंवा कपाट तितकं जुनं नाही.

शिसवी म्हणून जे सांगतात ते खरंच शिसवी आहे का हे पण बघा, कारण सागाला काळा रंग देऊन शिसवी म्हणायची पद्धत फार जुनी आहे. खुर्चीच्या खालच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, नखाने किंवा ब्लेडने किंचित खरवडा. आत पिवळसर तपकिरी निघालं तर साग, जांभळट तपकिरी आणि त्यात काळ्या रेघा निघाल्या तर शिसवी. उचलून बघितलं तरी कळतं, शिसवी सागापेक्षा जड. आणि साग निघाला म्हणून खट्टू होऊ नका, जुना बर्मी सागसुद्धा चांगल्या भावाने जातो.

मुलगा लिलावाचं म्हणतोय ते चूक नाही, पण मोठी लिलावगृहं मुख्यतः चित्रं, दागिने, घड्याळं, नाणी, आणि फर्निचर घेतलंच तर ज्याच्यामागे काही इतिहास आहे किंवा कारागिराचं नाव आहे असं घेतात. साधं घरगुती फर्निचर ते बरेचदा नाही म्हणतात. तरी फोटो पाठवायला काय हरकत आहे. प्रत्येक वस्तूचे पुढून, मागून, खालून, सांध्यांचे, आणि जिथे काही तुटलंय तिथले सुद्धा फोटो काढा, लांबी रुंदी उंची लिहा. आणि हे सगळं घर रिकामं करायच्या आधी, वस्तू जागेवर असताना. आजोबा त्या खुर्चीत बसलेत असा जुना फोटो घरात असेल तर तो शोधा, जुनं बिल, वहीतली नोंद, खुर्चीखाली खडूने लिहिलेला नंबर किंवा दुकानाचं लेबल, काहीही. मी इतकी वर्षं बघतेय, सारख्याच दोन खुर्च्या असतात आणि जिच्याबरोबर एक फोटो आणि चार ओळींचा कागद असतो ती जास्त पैशाला जाते. घेणाऱ्याला लाकूड कुठेही मिळतं, कोणाच्या घरातलं आहे ते मिळत नाही. तुमच्या सासूबाईंना किंवा आत्यांना आठवत असेल तर आजच विचारून लिहून ठेवा.

वेळेचं गणित पण बघा. लिलावगृहाने घेतलं तरी कॅटलॉग, फोटो, लिलावाची तारीख यात काही महिने जातात. ते तुमच्याशी एक रिझर्व्ह किंमत ठरवतात, म्हणजे त्याच्या खाली विकायचं नाही, आणि नाही विकलं गेलं तर वस्तू तुम्हाला परत न्यावी लागते, ने-आणीचा खर्च कोणाचा ते आधीच लेखी घ्या. विकल्यावर त्यांचं कमिशन कापून पैसे येतात, फोटो आणि इन्शुरन्सचे पैसे वेगळे लावतात का ते पण विचारा. तुमच्याकडे तीन महिने आहेत त्यामुळे मधे कुठेतरी गोडाऊनमध्ये ठेवायची तयारी ठेवा. इन्कम टॅक्सचं विचारलं नाहीत पण सांगते, स्वतःच्या वापरातलं फर्निचर विकलं तर कॅपिटल गेन टॅक्स लागत नाही, दागिने, चित्रं, शिल्पं, कलाकृती यांना मात्र लागतो. सीएला एकदा विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर पलंग आणि कपाटाला फारसा भाव येणार नाही हे धरून चला, आजच्या दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये खांबांचा पलंग कोण घेणार. हॅटस्टँड आणि खुर्चीला मागणी आहे. त्यातला हॅटस्टँड विका आणि खुर्ची ठेवा. नवीन फ्लॅटच्या बाल्कनीशेजारी ती बसेल, वेत तुटला असेल तर विणून देणारे कारागीर अजून आहेत, प्लास्टिकची पट्टी मात्र लावू नका. आणि पलंग नेताना कोणालाही करवत लावू देऊ नका! जुने पलंग बोल्ट आणि पाचर काढले की सुटे होतात, सुटे करताना प्रत्येक सांध्यावर खडूने नंबर घाला. लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून खांब कापलेले पलंग मी बघितलेत, ते परत कधीच जुळत नाहीत.

प्रश्न (नेरुळ): मी पहिल्यांदाच एका ऑनलाइन लिलावात बोली लावणार आहे, लंबकाच्या जुन्या घड्याळासाठी. अंदाज चाळीस ते साठ हजार दिलाय. माझं बजेट साठच आहे. काय काय बघू?

उत्तर: बजेट साठ असेल तर तुमची शेवटची बोली साठ नसावी, हे आधी. हातोडा पडतो ती किंमत वेगळी आणि तुम्ही भरता ती वेगळी. त्याच्यावर खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलावगृह तुमच्याकडून घेतं ते कमिशन, लागतो, प्रत्येक लिलावगृहाचा दर वेगळा असतो. समजा २० टक्के आहे आणि तुम्ही ५०,००० ला जिंकलात, तर १०,००० प्रीमियम, त्या प्रीमियमवर १८ टक्क्यांनी १,८०० जीएसटी, झाले ६१,८००. शिवाय काही वस्तूंच्या मूळ किमतीवर पण जीएसटी असतो, आणि घड्याळ नेरुळला आणायचा खर्च वेगळा. म्हणजे तुमच्या साठ हजारांत बोली फार तर अठ्ठेचाळीसला थांबायला हवी. हा आकडा कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवून ठेवा कारण शेवटच्या मिनिटाला हात थांबत नाही. नियम आणि अटी कंटाळा न करता वाचा, त्यात बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की वस्तू आहे तशी विकली जाते, नंतर तक्रार चालत नाही. म्हणून आधीच कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तू कुठल्या अवस्थेत आहे त्याचा कागद, मागा, तो मागायचा तुमचा हक्क आहे, आणि प्रत्यक्ष बघायचे दिवस ठेवलेले असतात तेव्हा जाऊन या. हार्बरने तासाभराचा प्रवास आहे, पन्नास हजार जाणार असतील तर एक दिवस काढाच.

घड्याळात काय बघायचं, तर आतलं यंत्र आणि बाहेरची पेटी एकमेकांचीच आहेत का. आपल्याकडे पेटी एका घड्याळाची, यंत्र दुसऱ्याचं आणि तबकडी तिसऱ्याची अशी जोडलेली घड्याळं भरपूर आहेत. दार उघडून यंत्राच्या मागच्या पत्र्यावरचा शिक्का बघा, पेटीत यंत्र बसवायची जुनी रिकामी भोकं दिसतात का बघा, असली तर यंत्र बदललंय. तबकडीवरचे आकडे अगदी ताजे काळेकुट्ट असतील तर ती पुन्हा रंगवलेली आहे. अमेरिकेतल्या ब्रुकलिनची घड्याळं बनवणारी मूळ अँसोनिया कंपनी १९२९ च्या सुमारास बंद पडली आणि तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाला विकली गेली, त्यामुळे खऱ्या जुन्या अँसोनियाचं वय तिथेच थांबतं.

देशाच्या नावावरूनही वय कळतं आणि हे चिनीमातीच्या, काचेच्या वस्तूंनाही लागू आहे. मेड इन चेकोस्लोव्हाकिया लिहिलं असेल तर वस्तू १९१८ च्या आधीची असूच शकत नाही कारण तो देशच तेव्हा झाला. ऑक्युपाईड जपान लिहिलं असेल तर १९४५ ते १९५२ मधली. वेस्ट जर्मनी असेल तर १९४९ नंतरची. कोणी वेस्ट जर्मनीचा शिक्का दाखवून पहिल्या महायुद्धातलं आहे म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा.

पैसे रोख देऊ नका, एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला तर २०१७ पासून कायद्यानेच बंदी आहे, आणि लहान रक्कम असली तरी बँकेतून द्या. बिल हवंच. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा तेच बिल उपयोगी पडेल.

प्रश्न (वाशी): मी नऊ हजारांना कुत्र्याचं चित्र असलेला पितळी भोंग्याचा ग्रामोफोन घेतला. चालतो पण छान. मित्र म्हणतो डुप्लिकेट आहे. खरं खोटं कसं ओळखायचं?

उत्तर: मित्र बहुधा बरोबर आहे रे. नऊ हजारांत भोंग्याचा खरा एचएमव्ही मिळणं अवघड आहे. हे कसं बनवतात सांगते. जुन्या पोर्टेबल ग्रामोफोनचं, म्हणजे सुटकेससारखे यायचे त्यातलं, चावीचं यंत्र काढतात, नव्या लाकडाच्या पेटीत बसवतात, वरून नवीन पितळी भोंगा लावतात आणि कुत्र्याची पट्टी ठोकतात. भोंगा हाताने टिचकी मारून बघ, पत्रा पातळ वाजतो आणि आतून सुद्धा लख्ख पिवळा असतो. पेटीला आतून नाक लाव, नव्या लाकडाचा आणि रंगाचा वास येईल. भोंगा पेटीला जिथे अडकवलाय तो मागचा ब्रॅकेट बघ, खऱ्याचा ओतीव आणि सफाईदार असतो, नकलीचा वेल्डिंग केलेला.

हाच प्रकार पितळी दुर्बिणी, होकायंत्र, जहाजावरची उपकरणं यांच्यात आहे. लंडनच्या कंपनीचं नाव, जुनं साल, सगळं कोरलेलं असतं आणि वस्तू उत्तराखंडातल्या रुडकीला नवीन बनवून आम्ल लावून काळी केलेली असते. शोभेची म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त शोभेच्या भावात घे.

पण तुझा चालतोय ना, मग त्याचा आनंद घे. पोलादी पिन प्रत्येक बाजूला नवीन घालायची, एकच पिन वापरत राहिलास तर रेकॉर्ड खराब होते. त्याच्यावर फक्त ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डी लाव, नंतरच्या प्लास्टिकच्या एलपी चुकूनही लावू नकोस, पिन धरणाऱ्या जड दांडीमुळे पहिल्याच फेरीत त्याचे चरे जातील. ७८ च्या रेकॉर्डी लाखेच्या असतात, आपल्या चपड्याच्याच, त्यामुळे पडल्या की फुटतात आणि उन्हात वाकतात, उभ्या ठेव. ग्रामोफोनसाठीची भारतातली पहिली ध्वनिमुद्रणं १९०२ मध्ये कलकत्त्यात झाली, त्यात गायिका गौहर जान यांचंही होतं आणि १९०८ पासून रेकॉर्डी तिथेच सियालदाहच्या कारखान्यात छापायला लागल्या, त्यामुळे आपल्याकडे त्या लाखांनी आहेत आणि बहुतेकांना फारशी किंमत नाही. तरी रद्दीवाल्याला गठ्ठा देण्याआधी एकेक लेबल वाच. बालगंधर्वांच्या चांगल्या स्थितीतल्या रेकॉर्डी मराठी संग्राहक मनापासून जपतात. आणि एक गंमत सांगते, १९६० च्या दशकात जगात बहुतेक ठिकाणी ७८ बंद झाल्या होत्या तेव्हा आपल्याकडे बीटल्सची गाणी ७८ वर निघाली, परदेशातले लोक त्या शोधत असतात.

प्रश्न (खारघर): मुलगी कॅनडात स्थायिक झाली. आमच्या घराण्यातली पितळेची बाळकृष्णाची मूर्ती आणि शिसवी देव्हारा तिला द्यायचाय. पणजींच्या काळचा आहे. सामानात नेता येईल का?

उत्तर: नका नेऊ, आधी कागद करा. १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा आहे, त्यात शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, चित्र, कलाकुसरीची वस्तू पुरावशेष धरली जाते, हस्तलिखितांना पंच्याहत्तर वर्षं. पुरावशेष खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, घराण्याचा असला तरी आणि स्वतःच्या मुलीला द्यायचा असला तरी. देशात घरात ठेवायला काहीच अडचण नाही, पण शंभर वर्षांवरच्या धातूच्या मूर्तीची नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे करावी लागते. मूर्ती शंभरच्या आतली असेल तर त्यांचे तज्ज्ञ बघून पुरावशेष नाही असा दाखला देतात, तो हातात असेल तर एअरपोर्टवर कस्टमवाले अडवत नाहीत. तो नसेल तर मूर्ती तिथेच जप्त होऊ शकते, देव असा काउंटरवर सोडून विमानात बसायची वेळ कोणावर येऊ नये.

देव्हाऱ्याचं आणखी एक आहे, शिसवीचं लाकूड २०१७ पासून सायटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, जड वस्तू बाहेर पाठवायची तर त्याचीही परवानगी बघावी लागेल. माझा सल्ला, देव्हारा इथेच राहू द्या, भावाकडे दिराकडे कोणाकडे तरी, आणि मुलीला नवीन मूर्ती करून जुन्या मूर्तीशेजारी चार दिवस पूजेत ठेवून मग द्या. आमच्याकडे टाकांचं असंच केलंय, भाऊ वेगळे झाले तेव्हा मूळ टाक थोरल्याकडे राहिले आणि बाकीच्यांनी नवीन घडवून घेतले.

प्रश्न (कोपरी): वडिलांच्या पेटीत हस्तिदंताच्या नक्षीची डबी आणि माळ्यावर सांबराची शिंगं सापडली. एका डीलरने लगेच रोख देतो म्हटलं.

उत्तर: देऊ नका. त्याला फोटो पाठवला असेल तर पुढे बोलणं पण थांबवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीने आणि आफ्रिकेतल्या हस्तिदंताचा १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला, वस्तू कितीही जुनी असली आणि दंताचा तुकडा कितीही छोटा असला तरी. शिंगंही विकता येत नाहीत. विकणारा आणि घेणारा दोघंही अडकतात. वारसाने आलेल्या वस्तूसाठी कायद्यात जागा आहे, वारसाला मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत वनविभागाकडे सांगावं लागतं. वडिलांच्या नावाचा मालकीचा दाखला कागदपत्रांत आहे का ते आधी शोधा आणि मिळो न मिळो, वनविभागाच्या ऑफिसात जा, बरोबर वकील असला तर उत्तम.

डबी हस्तिदंताची आहे की हाडाची हे भिंगाखाली दिसतं. हाडात बारीक काळे ठिपके किंवा रेषा दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या जाळीदार रेषा असतात. तापलेली सुई लावून बघतात ते करू नका. हाड निघालं तरी ते कोणत्या प्राण्याचं ते ठरल्याशिवाय विकू नका.

प्रश्न (ऐरोली): वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याचे पाच लाख देतो असा फोन आला. रिझर्व्ह बँकेचं सर्टिफिकेट म्हणून आधी अडीच हजार भरायला सांगतायत. भरू का?

उत्तर: काका, एक रुपया भरू नका. २०१२ ची ती नाणी चलनातलीच आहेत, भरपूर आहेत. रिझर्व्ह बँक जुन्या नोटा नाण्यांचा व्यवहार करत नाही आणि कमिशन मागत नाही हे तिने २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलंय. आधी भरले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. नातवंडांनाही सांगून ठेवा, फोन त्यांच्याकडेही येतील.

प्रश्न (चेंदणी, ठाणे): घराच्या पायाच्या खोदकामात मजुराला गंजलेली तांब्याची नाणी सापडली, दहा-बारा असतील. चिंचेने घासून साफ करावी का? लिलावात चालतील का?

उत्तर: घासू नका आणि लिलावाचा विचारही आत्ता नको. ठाणे म्हणजे शिलाहार राजांचं श्रीस्थानक, इथल्या मातीत काय निघेल सांगता येत नाही, आणि त्या नाण्यांवरचा हिरवा थर म्हणजेच त्यांचा पुरावा आहे, चिंचेने तो जातो आणि अक्षरंही जातात. जमिनीत पुरलेलं सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नाणी एकमेकांपासून वेगळी करून कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. नेमकी कुठे आणि किती खोलीवर सापडली त्याचा मोबाईलने फोटो काढा, मजुराचं नाव लिहून ठेवा, त्याचाही हक्क असतो, आणि अर्ज द्या. कळवलं म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, लपवलं तर ठरतो.

प्रश्न (सानपाडा): आजीच्या देवघरात राजा रविवर्म्याचं लक्ष्मीचं चित्र आहे, साडीवर जरी चिकटवलेली. खरं आहे का?

उत्तर: मूळ तैलचित्र नसणार, छापील असणार, पण छापीलमध्येही दोन प्रकार. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथली दगडावरून छापलेली ओलिओग्राफ संग्राहक घेतात. भिंगातून बघा, रंगाचे दाणे वेडेवाकडे, वाळू सांडल्यासारखे दिसले तर जुनं. ठिपके रांगेत, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे दिसले तर नंतरची ऑफसेटची छपाई. कडेला खाली छापखान्याचं नाव असतं, म्हणून फ्रेम बदलताना कोणी कडा कापल्या नाहीत ना ते बघा. जरी आणि टिकल्या चिकटवणं ही त्या काळच्या बायकांचीच हौस, ती काढू नका, तुमच्या आजीच्या किंवा तिच्या सासूच्या हातची असेल. नीट जमलेली असेल तर संग्राहक अशा चित्राला जास्त मान देतात.

प्रश्न (घोडबंदर रोड): जुन्या टेबलाच्या खाली रोज पांढरट पिवळी पावडर पडते. टेबल टाकून द्यावं का, बाकीच्या फर्निचरला लागेल अशी भीती वाटते.

उत्तर: टाकू नका. ती वाळवी नाही, लाकूड पोखरणारा भुंगा आहे, वाळवीची मातीची नळी दिसते आणि याची टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसतात. टेबल बाकीच्या फर्निचरपासून लांब, मोकळ्या हवेत ठेवा. खाली काळा कागद अंथरा आणि भोकांभोवती पेन्सिलने गोल करून तारीख घाला म्हणजे नवीन कुठली ते कळेल. इंजेक्शनच्या सुईने प्रत्येक भोकात लाकडाच्या किडीचं औषध सोडायचं, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोरर ट्रीटमेंट म्हणून सांगा, नुसती वरून फवारणी नको. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. रॉकेल ओतू नका, पॉलिशवर डाग पडतात आणि कीड आत तशीच राहते. औषध झालं की लगेच मेणाने भोकं बुजवायची घाई करू नका, एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. दिवाळीपर्यंत काळ्या कागदावर काही पडलं नाही तर मग बुजवा आणि टेबल परत आत घ्या.